मागची डावी सीट देवाची

११ जानेवारी, शनिवार

रंगाच्या डब्याच्या झाकणाखाली कूपन असतं. इतकी वर्षं घरं रंगवतोय, तितकीच वर्षं ती कूपनं नखाने खरवडतोय. आजवरची कमाई म्हणजे एक टोपी, दोन किल्लीच्या साखळ्या आणि एक टी-शर्ट. तो पहिल्याच धुण्यात इतका आटला की त्याचं ब्रश पुसायचं फडकं केलं. आज दुपारी रंगाच्या दुकानदाराने चार लोकांसमोर माझ्या हातात किल्ली ठेवली. पहिलं बक्षीस, मोटारगाडी.

आत्ता ती दाराशी उभी आहे. पांढरी आहे. रंग बघितला. बॉनेटवर छान बसलाय, पण मागच्या दाराच्या कडेला घाई केलेली दिसते. मी असतो तर तिथे आणखी एक हात मारला असता.

दुकानदाराने गाडीबरोबर ही डायरीही दिली. म्हणजे ही पण अवचित प्राप्ती. लिहायला बसण्याआधी पानं मोजली आणि दर दहाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक क्रूस काढला. ती पानं देवाची, त्यांवर मी लिहायचं नाही. डायरीचा दशांश असा फिटला. गाडीचं काय?

बाबांचा नियम होता. मजुरीचा दहावा हिस्सा मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, द्यायचाच, पण न मागता जे पदरात पडेल त्याचा हिस्सा आधी द्यायचा आणि मगच त्या वस्तूला हात लावायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने खूश होऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाबांनी ते विकलं नाही. महिन्यातले तीन दिवस ते घड्याळ चर्चमध्ये टांगायचे, बाकीचे दिवस आमच्याकडे. त्या तीन दिवसांत रविवार आला की तेव्हाचे पाळकसाहेब उपदेश आवरता घ्यायचे. मंडळी वाट बघायची त्या रविवाराची.

१२ जानेवारी, रविवार

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, गाडीचा दशांश द्यायचाय."

"उत्तम," ते म्हणाले. "विका आणि दहावा हिस्सा पेटीत टाका."

ही माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, "गाडी विकायची असेल तर मला आत बसवूनच विका."

पाळकसाहेब हसले. "मग असं करा बंधू, जमेल तसं, जमेल तेवढं द्या. देव काही वसुलीला माणूस पाठवत नाही."

हेच मला खपत नाही. जमेल तेवढं म्हणजे काय? जमेल तेवढी भिंत रंगवून खाली उतरलो तर गिऱ्हाईक मजुरी देईल का?

घरी दोघंही चालत आलो. ज्याचा वाटा दिलेला नाही त्या गाडीत बसणार कसं? गाडी दाराशी आणि आम्ही धूळ खात रस्त्याने. वाटेत ही चार पावलं पुढेच चालत राहिली. बोलली असती तर परवडलं असतं.

दादा आला होता. मधल्या वाटेच्या पलीकडे बसतो, नेहमीच्या बाकावर. शेजारी कुबडी टेकवलेली. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. नऊ वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. बाबा गेल्यावर दोघांनी धंदा वाटून घेतला. ब्रश वाटले, बादल्या वाटल्या, गिऱ्हाइकं वाटली. राहिली बाबांची दुहेरी शिडी, वरच्या टोकाला बिजागरी असलेली, उघडली की भिंतीच्या आधाराशिवाय मधोमध उभी राहणारी. ती तो सोडेना, मी सोडेना. शेवटी बिजागरी काढून दोन भाग केले. एक त्याने नेला, एक माझ्याकडे राहिला. आता दोन्ही भागांना भिंत लागते. बिजागरी त्याच दिवशी कुठे गडप झाली ती आजतागायत सापडलेली नाही.

नोव्हेंबरात दादा त्याच्या अर्ध्या शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं, असं कानावर आलं. व्यायामाच्या डॉक्टरकडे नेमाने गेला नाही तर पाय जन्माचा आखडेल, असंही लोक म्हणतात. वाईट वाटलं. वाटणारच, परका पडला तरी वाटतं. पण मी गेलो नाही. त्याने बोलावलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

मंडळीचे खजिनदार आले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेत, पण त्यांची टेप अजून नोकरीत आहे. गाडी लांबीने, रुंदीने, उंचीने मोजली. मग म्हणाले, "डिकी साधारण दहाव्या भागाएवढी भरते. डिकी द्या."

मी म्हटलं, "देवाला डिकीत घालू?"

ते वरमले. मग मी स्टेपनी सुचवली. चाक म्हणजे चाक, नवं कोरं. खजिनदार म्हणाले, "गाडी अडल्याशिवाय जिची आठवणही होत नाही ती वस्तू देवाला द्यायची?"

"बरेच लोक देवालाच तसं वापरतात," ही वरच्या खिडकीतून म्हणाली.

हॉर्न झाला, आरसे झाले. एक आरसा दिला तर तो कमी भरतो, तिन्ही दिले तर मी मागचं बघू कशात? चहा घेऊन ही खाली आली आणि म्हणाली, "पूर्वी धान्याचा दशांश धान्यात द्यायचे, मेंढरांचा मेंढरांत. गाडी म्हणजे शेवटी काय? बसायची जागा. मग जागाच द्या की."

"जागा पाच," खजिनदार म्हणाले. "एक दिली तर पाचवा हिस्सा होतो. दुप्पट."

"मग अर्धेच दिवस द्या. रविवार सोडून सहा राहिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार मंडळीचे. बाकीचे आमचे."

खजिनदारांनी वर्तमानपत्राच्या कडेवर मांडून बघितलं. पाचव्याचा अर्धा म्हणजे बरोबर दहावा. त्यांना गहिवरून आलं. चहा तसाच गार झाला.

मी विचारलं, "हेच तीन वार का?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार मला बाजार असतो," ही म्हणाली.

हिला बाजार रोजच असतो, पण म्हटलं असो. तसा हा तोडगा माझ्या डोक्यात घोळतच होता. हिने बोलून दाखवला, इतकंच.

आज हिने मला नवा स्वेटर दिला. बाहीवर वेलबुट्टी आहे, वहिनी, म्हणजे दादाची बायको, विणायची अगदी तशी. मी म्हटलं तसं, तर म्हणाली की बाजारात हल्ली हीच नक्षी चालते. असेल.

१९ जानेवारी, रविवार

आज अर्पणविधी झाला. गाडी चर्चच्या दारात लावली, मागचं डावं दार उघडलं, पाळकसाहेबांनी सीटवर हात ठेवून प्रार्थना केली. लेकरं खिडकीतून वाकून बघत होती, आत काय आहे म्हणून. खजिनदारांनी दारावर पितळी पट्टी चिकटवली, "मंडळीची मालमत्ता". अक्षरं जरा वाकडी आहेत. मी रंगवून दिली असती.

नियमही वाचून दाखवले. ठरलेल्या वारी मंडळीच्या कुठल्याही सभासदाने ती जागा मागावी. चालकाने नाही म्हणू नये, पैसे घेऊ नयेत आणि कुठे, कशाला असं विचारू नये, कारण जागा चालकाची नाही. माझी मान ताठ होती. इतका चोख दशांश या मंडळीत कुणी दिला नसेल.

दादा मान खाली घालून ऐकत होता. वहिनी मात्र आमच्या हिच्याकडे बघून उगाच खोकली. थंडीने होत असेल.

२० जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. कुणीच आलं नाही. मी कामावर निघालो तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांना आणि हिला वाटेत सोडायचं होतं. पुढे ही बसली. मागे उजवीकडे पुट्टीची पोती, मधे डबे आणि रोलर. सासूबाई म्हणाल्या, "ही डावीकडची रिकामी आहे की."

मी म्हटलं, "ती रिकामी नाही. देवाची आहे."

सासूबाई डब्यांवर बसून आल्या. मी त्या सीटचा पट्टाही लावला होता. ब्रेक लागला तर बरं दिसत नाही. उतरताना त्या हिला म्हणाल्या, "पूर्वी नुसताच तिरसट होता, आता धार्मिकही झालाय." मला ऐकू गेलं. त्यांच्या साडीला प्रायमर लागला होता. टर्पेंटाइन देऊ का विचारलं, तर तरातरा निघून गेल्या.

२२ जानेवारी, बुधवार

चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाई आल्या. देवाच्या जागेवर ऐसपैस बसल्या आणि गाडी आपल्या बापाची असल्यासारखी फिरवली. आधी बहिणीकडे, मग शिंपिणीकडे, मग पुन्हा बहिणीकडे, कारण पहिल्या खेपेला सांगायचं राहून गेलं होतं. मला विचारायची बंदी. मूग गिळून बसलो होतो. त्यातही मागून सूचना चालूच, "जरा तालात चालवा हो."

संध्याकाळी पाळकसाहेबांना म्हटलं, "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली."

ते म्हणाले, "बंधू, देऊन झाल्यावरही हात वस्तूवरच ठेवला, तर दिलं काय?"

पाळकसाहेबांचं एक बरं आहे. त्यांना गाडी नाही.

२७ जानेवारी, सोमवार

अजून राग आहे. सविस्तर लिहितो.

सकाळी खाली आलो तर मागच्या डाव्या दाराशी दादा उभा. कुबडी काखेत, हातात दवाखान्याची फाईल. नजर पट्टीवर. मी वर बघितलं, ही खिडकीत होती, लगेच आत गेली. दूध उतू जात असेल.

नाही म्हणता येत नाही. मी किल्ली फिरवली. तो चढला, कुबडी आत ओढली आणि दार धाडकन आपटलं. नवी गाडी! पण बोलणार कसं? नऊ वर्षांचं मौन दारापायी मोडायचं? गाडी उभीच. कुठे जायचं ते त्याने सांगायला हवं, आणि तो सांगेना. आरशात बघितलं तर ढिम्म.

बऱ्याच वेळाने तो डोळे मिटून मोठ्याने म्हणाला, "हे देवा, तुझ्या जागेवर बसलोय. मला मोठ्या दवाखान्यात, व्यायामाच्या विभागात जायचंय. दहाच्या आत."

मला तो प्रकार एकदम कळला. प्रार्थनेला बंदी नाही. मीही स्टिअरिंगवर हात जोडले आणि म्हटलं, "हे देवा, तुझ्या जागेवर जो बसतो त्याला सांग की दार हळू लावलं तरी लागतं."

"हे देवा," मागून आलं, "हा निघेल का आता?"

निघालो. चौकात पुन्हा, "हे देवा, गिअर असा घासतात का? बाबांचा टेम्पोपण यानेच घासला." मी म्हटलं, "हे देवा, टेम्पो कुणी घासला ते तू वरून बघितलंयस." दवाखाना आला. तो उतरला. जाताना आकाशाकडे बघून म्हणाला, "आमेन." मीपण म्हटलं. ते म्हणावंच लागतं.

परतीचीही मागणी होती. दवाखान्याबाहेर थांबलो. आज ही नेमकी थर्मास भरून द्यायला विसरली नव्हती. चहा गाडीत एकट्याने प्यालो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा दर सोमवार, बुधवार, शुक्रवार येतो. त्याच्या व्यायामाचे वार नेमके तेच निघाले. माझं नशीबच असं. मंगळवारचे असते तर सुटलो असतो.

दार रोज आपटतो. कळ सोसत नसल्यामुळे आपटत असेल, पाय आधी उचलून ठेवावा लागतो आणि मग तोल जातो. मी ते आरशात बघितलं. गाडी आता फूटपाथला अगदी चिकटवून लावतो. माझ्या सोयीसाठी.

आज पेटीवाल्या बाईंनी आम्हाला सिग्नलला गाठलं. काच खाली होती. तेव्हा दादा म्हणत होता, "हे देवा, याला सांग की मोठ्या बंगल्याचं काम याने कमी मजुरीत उचललं, म्हणून माझं गेलं." आणि मी म्हणत होतो, "हे देवा, त्या बंगल्याच्या भिंती ओल्या होत्या, मी पदरची पुट्टी घातली, हे त्याला सांग." बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं कचरा गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळकसाहेबांनी भर उपासनेत सांगितलं, "आपल्या मंडळीत एक गाडी आहे. ती घरातून निघते तेव्हापासून दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्यात अखंड प्रार्थना चालते. दोन भाऊ, एकच देव!" लोकांनी माना वळवून बघितलं, काहींनी माझ्याकडे, काहींनी दादाकडे. आम्ही दोघांनी छताकडे बघितलं. छताला ओल आलीय, पोपडे सुटलेत, खरवडून पुन्हा करायला हवं. दादाही तिथेच बघत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शिडी निघाली.

पूल चढताना दादा म्हणाला, "हे देवा, शिडीचे दोन भाग करू असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते तुला माहीत आहे."

मी म्हटलं, "हे देवा, बिजागरी खोलायला पाना कुणी आणून दिला तेही तुला माहीत आहे."

मग पूल संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. देवही नाही. दवाखान्याच्या वळणावर दादाचा आवाज आला, बारीक. "हे देवा, एकेरी शिडी गुळगुळीत फरशीवर सरकते, हे मला कळायला हवं होतं. पोरवयापासून शिडीवर आहे. खाली धरायला माणूस लागतो." थोडं थांबून म्हणाला, "माणूस नव्हता."

नाकात काहीतरी गेलं होतं. आरसा वर फिरवून ठेवला. उतरताना त्याने आज दार आपटलं नाही, आणि ते नीट लागलंही नाही. मी उतरून लावलं.

हिच्या शिवणाच्या डब्यात आज सुई शोधताना जड लोखंडी काहीतरी हाताला लागलं, फडक्यात बांधलेलं. विचारलं तर म्हणाली कापड बेतताना वजन म्हणून ठेवते. डबा माझ्या हातातून काढून घेतला.

१६ फेब्रुवारी, रविवार

खजिनदार घरी आले. चेहरा उतरलेला. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "माझ्या हातून पाप झालं."

मी हादरलो. म्हटलं पेटीला हात लावला की काय!

"आपण जागेचा दशांश धरला," ते म्हणाले. "पण जागा एकटी चालत नाही. तुम्ही वर पेट्रोल घालताय. टायर झिजवताय. कामाचे अर्धे दिवस बुडवून स्वतः चालवताय. मी सगळं मांडून बघितलं. मंडळी दशांशाच्या नावाखाली अष्टमांश खाते आहे. देवाचा खजिनदार म्हणून मी तुम्हाला लुबाडतोय."

मी म्हटलं, "खाऊ द्या. माझी तक्रार नाही."

"तक्रार नसली म्हणून चोरी चोरी राहत नाही का?" त्यांचा आवाज फुटला. "पुढच्या रविवारी कारभारी मंडळात ठराव आणतो. जागा तुम्हाला परत. दशांश पूर्ण फिटला अशी पावतीपण देतो. मोकळे झालात तुम्ही!"

ही नुसती आत गेली. खजिनदारांना चहा विचारायचा राहिला, असं पहिल्यांदाच झालं.

मोकळा झालो. चांगलंच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विचार करतोय. जागा देवाची राहिली नाही, तर दादा कुठल्या नियमाने येणार? तो मागणार नाही. मागितलं तर तो दादा कसला? आणि मी होऊन म्हणायचं, तर म्हणायचं काय? नऊ वर्षं गप्प बसलो ते उगाच की काय? बसच्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच असतात. व्यायाम अजून महिनाभर तरी आहे, हे त्याने देवाला सांगितलेलं मी ऐकलंय.

इकडे आड, तिकडे विहीर. हिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं दोघांचं बोलणं चालू आहे ना? मंडळीत तर सगळे म्हणतात." मी म्हटलं, ते आमचं बोलणं नव्हे, देवाशी आहे. ती म्हणाली, "मग देवालाच विचारा." आणि भांडी आपटायला लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार

कारभारी मंडळासमोर जीव तोडून भांडलो. म्हटलं, माझा दशांश फिटलेला नाही, अजून देणं आहे. गाडीबरोबर रबरी पायपुसण्या आल्या, त्यांचा हिस्सा राहिलाय. वासाची बाटली आली, तिचा राहिलाय. जॅक राहिलाय. काचेला लावायचा पडदा राहिलाय. जुनी टोपी, किल्लीच्या साखळ्या आणि आटलेला टी-शर्ट, यांचाही तेव्हा दिला नव्हता, तो व्याजासकट धरा.

कारभाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आजवर लोक दशांश कमी करून मागायला आलेले त्यांनी बघितले होते. खजिनदारांनी प्रामाणिकपणे सगळं मांडलं. म्हणाले, "हे सगळं मिळून एका दिवसाची अर्धी सीटही होत नाही."

मी म्हटलं, "मग गाडीची किंमत वाढवून धरा!"

"गाडी जुनी झाली की किंमत उतरते, बंधू," ते म्हणाले.

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "हिशेब फिटला, बंधू. आता यापुढे जे द्याल ते हिशेबाबाहेरचं. तुमचं तुम्ही द्यायचं." सांगायला काय जातं?

ठराव झाला. खजिनदारांनी स्वतः पट्टी उचकटली. दारावर तिच्या मापाचा डिंकाचा डाग राहिलाय. घासला तर जाईल. दादा पायऱ्यांवरून बघत होता. मग कुबडी टेकत निघून गेला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी खाली आलो. डाव्या दाराशी कुणी नव्हतं. तरी गाडी सुरू करून बसून राहिलो. इंजिन गरम करावं लागतं.

मग निघालो. काम उलट्या दिशेला होतं, पण रस्ता दादाच्या गल्लीवरूनच घेतला. दादा बस थांब्यावर उभा होता. बस आली. त्याने एक हात दांडीला लावला, कुबडी वर टाकायला गेला, मागच्या माणसांनी ढकललं. तो बाजूला झाला. बस गेली. मी गाडी हळू केली, काच खाली केली आणि "हे देवा" म्हणालो. तेवढंच. पुढे काय म्हणायचं? ती जागा आता देवाची नाही. त्याच्या नावाने कसं बोलवायचं? मागच्याने हॉर्न मारला आणि मी पुढे गेलो. चौकातून वळून परत आलो, तेव्हा थांब्यावर कुणी नव्हतं. बसमध्ये चढला की घरी गेला, माहीत नाही.

दिवसभर एका खोलीच्या चारही भिंतींना चुकीचा रंग दिला. मालकीणबाईंना आवडला, हे नशीब.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी दादाच्या गल्लीत गाडी लावली. फूटपाथला चिकटवून. हॉर्न वाजवला नाही. वाजवून बोलवायला तो काय गिऱ्हाईक आहे?

थोड्या वेळाने वहिनी त्याला धरून बाहेर आली. मला बघून तिला काही नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. दादा मात्र थबकला. मग सवयीने मागच्या डाव्या दाराशी आला. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. डिंकाच्या डागाकडे बघत राहिला. मग आकाशाकडे तोंड करून म्हणाला, "हे देवा, ही जागा आता तुझी नाही म्हणतात. मग कुणाला विचारून बसू?"

मी देव काही बोलतो का, म्हणून वाट बघितली. खरंच बघितली. गल्लीत एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता, तेवढाच आवाज.

मग मी वाकलो, पुढचं डावं दार आतून उघडलं आणि म्हटलं, "मला."

दादाने माझ्याकडे बघितलं. आरशातून नाही, सरळ. वहिनीने त्याच्या हातातली कुबडी घेतली. तो पुढच्या सीटवर बसला, पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार धाडकन आपटलं.

"दादा, दार हळू लाव रे!"

"नऊ वर्षांनी तोंड उघडलंस ते हे सांगायला?"

"मग तू आपटतोसच!"

"सीट पुढे आहे, मागे सरकव. पाय कुठे ठेवू, डोक्यावर?"

सीट मागे सरकवली. निघालो. आता देव मधे नसल्यामुळे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. पूल आला, पूल गेला. माझे डोळे भरून येत होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून गाडी हळू चालवली. सिग्नलला दादा खाकरून म्हणाला, "मागच्या दाराच्या कडेला रंग मारताना घाई केलीय त्यांनी. एक हात कमी आहे."

"मी पहिल्याच दिवशी बघितलं," मी म्हटलं.

"मग इतके दिवस बोलला नाहीस?"

"कुणाशी बोलणार?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग बाहेरच बघत म्हणाला, "पाय बरा झाला की दोघं मिळून मारू. आणि मी शिडीवर चढलो की तू खाली धर."

दवाखान्याबाहेर थर्मास उघडला तर पिशवीत आज दोन पेले निघाले. ही हल्ली फार विसराळू झालीय, एकच ठेवायचा हे लक्षात राहत नाही. बरंच झालं म्हणा, कामाला आला.

आत्ता लिहिता लिहिता वर कोपऱ्यात नजर गेली तर पेन्सिलीचा क्रूस. हे देवाचं पान आहे. भरून गेलं, आता खोडायचं तरी कसं? राहू दे. वाचलं तर वाचू दे त्याला. नाहीतरी आजचं तेवढं त्याच्याशिवाय बोललो.